झिनियाला पाणी केव्हा घालावे?



या व्याख्यानमालेचे चिटणीस फेब्रुवारीत आमच्या युनियनच्या कचेरीत आले, तेव्हा आम्ही नव्या श्रमसंहितांवर बोलावे असे त्यांच्या मनात होते. आम्ही म्हटले, त्या विषयावर आम्ही वर्षाचे तीनशे दिवस बोलतो आणि ज्यांनी ऐकावयास हवे ते ऐकत नाहीत. तुमच्या श्रोत्यांनी काय अपराध केला आहे? एवढ्यात त्यांचे लक्ष खिडकीबाहेर गेले. तेथे रंगाच्या रिकाम्या बादल्यांत झिनिया फुलला होता. तांबडा, नारिंगी, गुलाबी, आणि एका बादलीत पांढरा. "हे कोण लावते?" त्यांनी विचारले. आम्ही म्हटले, "आम्हीच." "मग यावरच बोला," असे म्हणून ते चहा न घेताच उठले. तेव्हा आजच्या या प्रसंगाची जबाबदारी सर्वस्वी त्यांची आहे, हे आधीच नोंदवून ठेवतो.

आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते यंत्रमागावर, सार्वजनिक वाचनालयात आणि लेबर कोर्टाच्या बाकावर झाले. सोलापुरात टॉवेल आणि चादरीच्या कारखान्यांत उमेदीची वर्षे गेली, मागांच्या खडखडाटाने एक कान निम्मा गेला, आणि आता पंचावन्नी उलटली आहे. वनस्पतिशास्त्राचा आमच्यावर काही हक्क नाही आणि आमचाही त्या शास्त्रावर नाही. झिनिया मात्र सतरा वर्षे लावतो आहोत. त्यातले जे हाताने कळले तेवढे सांगतो, आणि जे पुस्तकातून घेतले ते दोनतीन ठिकाणी ताडून घेतले आहे.

झिनिया मूळचा मेक्सिकोकडचा. तिकडच्या कोरड्या, तापलेल्या माळरानाचा तो रहिवासी, आणि हीच गोष्ट सोलापूरकराने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. गुलाबाचे लाड करता करता एप्रिलमध्ये जे लोक हात टेकतात, त्यांच्याच अंगणात, त्याच उन्हात, हे झाड हसत उभे राहते. नाव मात्र मेक्सिकोचे नाही, जर्मनीचे आहे. योहान गॉटफ्रीड झिन नावाचे गॉटिंगेनच्या विद्यापीठात एक प्राध्यापक होते. जन्म १७२७, मृत्यू १७५९. म्हणजे पुरती बत्तिशीही गाठली नाही. त्यांचा मुख्य विषय माणसाचा डोळा, आणि शिवाय विद्यापीठाची वनस्पतिबाग त्यांच्याकडे होती. लिनियसने त्यांच्या नावावरून या फुलाला झिनिया म्हटले.

हे आम्हाला कसे कळले, तेही सांगावेसे वाटते. आमच्या आईने चाळीस वर्षे विड्या वळल्या. तिच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरांनी कागदावर डोळ्याची आकृती काढून दाखविली आणि म्हणाले, हे भिंग असे बारीक तंतूंनी टांगलेले असते, यांना झिनचे तंतू म्हणतात. आम्ही चटकन विचारले, "फुलवाला झिन का हो?" डॉक्टरांना फूल ठाऊक नव्हते आणि आम्हाला डोळा ठाऊक नव्हता. घरी येऊन वाचनालयात शोधले तेव्हा दोन्ही झिन एकच निघाले. तेव्हा मंडळी, झिनिया आपल्या अंगणात असो वा नसो, त्या गृहस्थाचे नाव इथे बसलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत आहे.

आता फुलाकडे पाहू. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते एक नसते. सूर्यफूल, झेंडू, शेवंती यांच्याच कुळातले हे. कडेची प्रत्येक पाकळी हे एक स्वतंत्र फूल, आणि मध्यभागी ज्या बारीक पिवळ्या चांदण्या दिसतात, ती प्रत्येक चांदणी म्हणजेही एक पुरते फूल. अशी कित्येक फुले एका देठावर एकत्र बसतात आणि लांबून एक दिसतात. आमच्यासारख्या माणसाला इथे लगेच भाषण करण्याचा मोह होतो. तो आवरतो, कारण हे सगळे एकत्र बसले आहेत ते फुलपाखराला लांबून दिसावे म्हणून; वर्गणी वगैरे काही नाही.

दाट भरगच्च पाकळ्यांचा जो झिनिया आपण आवडीने घेतो, त्यात मधल्या चांदण्या जवळजवळ नाहीशा होऊन त्यांच्या पाकळ्या झालेल्या असतात. असा दुहेरी झिनिया युरोपच्या बाजारात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आला, आणि त्याचे बी हिंदुस्थानातून फ्रान्सला गेले होते, असे बागकामाच्या जुन्या पुस्तकांत नमूद आहे. कोणत्या माळ्याने ते राखले, त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. फ्रेंच बियाणेवाल्याचे नाव मात्र सापडते. असो. फुलपाखरे हवी असतील तर एकेरी किंवा निम्मी भरलेली फुले असलेले झाड एखादे तरी ठेवावे. भरगच्च फुलात त्यांना मध आणि पराग फारसा मिळत नाही. रंग म्हणाल तर पांढऱ्यापासून गडद जांभळ्यापर्यंत सारे, पोपटी हिरवासुद्धा. निळा मात्र नाही. निळ्या झिनियाचे चित्र छापलेली पुडी कोणी विकू लागला, तर पैसे खिशातच ठेवावेत.

लावणीचे म्हणाल तर या झाडाला रोपवाटिकेचा सोपस्कार नको. मुळांना धक्का लागलेला त्याला आवडत नाही, म्हणून जिथे वाढवायचे तिथेच बी टोचावे. अर्धा सेंटीमीटर माती वर पुरते. उबदार दिवसांत चौथ्या-पाचव्या दिवशी कोंब दिसतो, आठवड्यात सारे उगवते. पेरल्यापासून साठ ते सत्तर दिवसांत फूल. आपल्याकडे कडक थंडीचे आठवडे सोडले तर केव्हाही पेरता येतो. पण दसऱ्याला फुले हवी असतील तर जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, आणि गुढीपाडव्याला हवी असतील तर जानेवारी सरता सरता पेरावे. ऊन सहा तास तरी हवे. जिन्याखालची अंधारी जागा, वऱ्हांड्यातला कोपरा, अशा ठिकाणी काडीसारखे उंच जाते आणि आडवे पडते. उंच जातीची रोपे फूटभर अंतरावर, बुटकी वीतभर अंतरावर. दहा लिटरच्या बादलीत उंच जातीची दोन रोपे पुरे. बादलीच्या बुडाला भोके पाडावीत, हे सांगण्याची गरज नाही असे वाटते, पण आम्ही स्वतः पहिल्या वर्षी पाडली नव्हती.

मातीविषयी दोन शब्द. सोलापूरची काळी माती मोठी मायाळू. घेतलेले पाणी सोडत नाही. ज्वारीला हे मानवते, झिनियाला नाही. म्हणून तिच्यात तिसरा हिस्सा वाळू किंवा चाळलेला बारीक मुरूम आणि तेवढेच जुने, वास गेलेले शेणखत मिसळावे. युरिया घालू नये. युरियाने झाड पालापाचोळ्याने माजते आणि फूल विसरते.

आणि आता शेंडा. झाड वीतभर झाले, पानांच्या तीन-चार जोड्या आल्या, की मधला शेंडा खुडावा. हे ऐकले की लोकांच्या पोटात गोळा येतो. आमच्या घरी पहिल्या खेपेस यावरून दोन दिवस अबोला होता; "लेकरासारखे वाढविले आणि मुंडके मोडले" असा आरोप आमच्यावर होता आणि तो खोटा नव्हता. पण झिनियाची पाने जोडीजोडीने समोरासमोर येतात, आणि शेंडा खुडला की प्रत्येक जोडीच्या बगलेतून दोन फांद्या निघतात. एका फुलाच्या जागी सहा-आठ फुले मिळतात. पहिले फूल आठ-दहा दिवस लांबते, एवढाच तोटा. त्यानंतर फुले जितकी कापाल तितकी नवी येतील. सुकलेले फूल झाडावर ठेवले तर झाड बी भरण्याच्या उद्योगाला लागते आणि फुलणे मंदावते.

घरात ठेवण्यासाठी फूल कापताना एक खूण पाहावी. फुलाखाली वीतभर अंतरावर देठ दोन बोटांत धरून हलके हलवावा. मान लवलवली तर फूल कच्चे आहे, ते पाण्यात ठेवल्यावर मान टाकणार. देठ काठीसारखा ताठ राहिला तर खुशाल कापावा; आठवडाभर टिकतो. कापल्यानंतर हे फूल पुढे उमलत नाही, म्हणून कळी कापून काही उपयोग नाही.

आता पाणी. व्याख्यानाचा विषय हाच आहे, आणि इथे आम्हाला थोडे मागे जावे लागेल.

२००९ साली एका टॉवेल कारखान्यात टाळेबंदी झाली. मालकाचे नाव घेत नाही. ते आज हयात नाहीत आणि त्यांची मुले आमच्याशी बऱ्यापैकी बोलतात. जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी पहिल्या पाळीची माणसे आली तो फाटकाला कुलूप. दुपारपर्यंत आम्ही फाटकासमोर मंडप घातला आणि तीन पाळ्यांत बसण्याची यादी लावली. कारखान्यात एक जॉबर होते. सगळे त्यांना मामा म्हणत. आम्हीही म्हणत असू. घरात तेलुगू, बाहेर मराठी, बोलणे दोन्ही भाषांत मोजके. माग बिघडला की त्याच्यावर नुसता हात ठेवून कुठे दुखते ते ओळखणारा हा माणूस. मंडपात रिकामे बसणे त्यांना जमेना. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी मंडपाच्या कडेला, गटाराच्या बाजूने, दहा-बारा हात लांब पट्टा उकरला आणि खिशातून कागदाची पुडी काढून बी टोचले. आम्ही विचारले, "मामा, हे काय?" ते म्हणाले, "झिनिया. दोन महिन्यांत फुलतो." आम्ही हसून म्हटले, "दोन महिने कशाला, आठ दिवसांत मिटेल." मामा काही बोलले नाहीत.

बी उगवले, चाळीसेक रोपे होती. आम्हाला संघटनेचा नेता म्हणून कशाचीही शिस्त लावण्याची सवय. जशी बसण्याची यादी तशी आम्ही पाण्याचीही यादी केली. सकाळच्या पाळीने एक बादली, दुपारच्या पाळीने एक, रात्रीच्या पाळीने एक. यादी मंडपाच्या खांबाला अडकविली आणि आपण काही चांगले केले असे आम्हाला वाटले. पावसाची ओढ होती तोवर निभावले. मग आभाळ धरले, बुरंगाट सुरू झाले, पण यादी ती यादी. पावसात भिजत लोक बादल्या ओतीत होते. कोणाला वाटले नसेल का, की आज नको? वाटलेच असेल. पण यादीवर आमची सही होती. पंधरा दिवसांत रोपे पिवळी पडली आणि बुडाशी कुजून कलंडू लागली. चाळिसांतली सतराच उरली.

तेव्हा मामांनी खांबावरची यादी काढली, घडी करून आमच्या हातात दिली आणि म्हणाले, "पुढारी, पाणी घड्याळाला लागतंय व्हय? झाडाला लागतंय. त्याला इचारा की."

विचारायचे कसे, तेही त्यांनी दाखविले. बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत खुपसायचे. आत ओल लागली तर पाणी नाही, मग वर कितीही कोरडे दिसो. दुपारी पाने मलूल झाली म्हणून घाबरायचे नाही. कडक उन्हात ती मलूल होतातच आणि संध्याकाळी आपोआप सावरतात. सकाळी मलूल दिसली तर मात्र तहान खरी. घालायचे तेव्हा बुडाशी, सकाळी, आणि पोटभर. मग दोन-तीन दिवस बोट सांगेपर्यंत पुन्हा नाही. रोज घोटभर घातले तर मुळे वरच्या वरच राहतात आणि एका उन्हात झाड माना टाकते. कुंडीचे थोडे वेगळे, ती लवकर सुकते. मे महिन्यात गच्चीवरच्या बादलीला दिवसातून दोनदाही घालावे लागेल. पण तेही बोटानेच ठरवायचे. त्या दिवसापासून मंडपातले पाणी मामांच्या हाती गेले. कधी दोन दिवस थेंब नाही, कधी एका दिवसात दोन बादल्या. सतराही रोपे जगली.

याच्या पुढचे सांगण्यापूर्वी थोडे वर, म्हणजे अगदी आकाशात, जाऊ. पुढे सहा वर्षांनी आम्ही वर्तमानपत्रात एक बातमी वाचली आणि कात्रण कापून ठेवले. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात नासाने २०१५ च्या नोव्हेंबरात झिनिया पेरला होता. पुढे टोमॅटो लावायचा होता. त्याआधी दोन-अडीच महिने मुदतीचे, फुलणारे एखादे झाड तेथे कसे वागते हे पाहायचे होते. पाणी केव्हा आणि किती, याचे वेळापत्रक जमिनीवरून, अमेरिकेतून ठरत होते. डिसेंबरात पाने ओली राहू लागली, कडा मुडपल्या, आणि नाताळच्या आधी पानांवर बुरशी चढली. तेथे स्कॉट केली नावाचे अंतराळवीर झाडांची देखभाल करीत होते. त्यांनी खाली कळविले की, उद्या मंगळावर गेलो तर तेथे पाणी केव्हा घालायचे हे आम्हालाच पाहून ठरवावे लागेल. मग आत्ताही ते मलाच ठरवू द्या, घरच्या परसात मी ठरवितो तसे. आणि खालच्यांनी हे मानले, हे विशेष. वेळापत्रक बाजूला ठेवले आणि त्यांना झिनियाची निगा राखण्यासंबंधी एक पानभर सूचना तेवढ्या पाठविल्या. काही रोपे गेली, काही सावरली. १६ जानेवारी २०१६ रोजी केली यांनी उमललेल्या नारिंगी झिनियाचे छायाचित्र जगाला दाखविले.

वर्तमानपत्रांनी 'अंतराळातले पहिले फूल' असा मथळा दिला होता. तो चुकीचा आहे. १९८२ साली सोव्हिएत रशियाच्या साल्युत-७ या स्थानकात मोहरीच्या कुळातली एक चिमुकली वनस्पती फुलली होती. आम्ही तसे पत्र संपादकांना लिहिले, छापले नाही. पण ते जाऊ द्या. आम्हाला त्या बातमीत अडकविले ते दुसऱ्याच गोष्टीने. ज्यांनी माणसाला चंद्रावर पोहोचविले, त्यांनीही आमच्यासारखीच यादी खांबाला अडकविली होती, आणि त्यांनाही मामा भेटावा लागला.

पुन्हा २००९ कडे येतो. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहिले फूल उमलले. तांबडे होते. मग चार दिवसांत पट्टा रंगीबेरंगी झाला. रस्त्याने जाणारी माणसे थांबून पाहात. मालकाच्या मोटारीची काच एकदा खाली आलेली आम्ही पाहिली आहे. आणि त्याच आठवड्यात वाटाघाटी जमून आल्या. चौऱ्याहत्तराव्या दिवशी रात्री साडेअकराला आम्ही करारावर सही केली. थकलेला बोनस मिळाला, पगारवाढ मागितलेल्याच्या निम्मी मिळाली, आणि अकरा जणांना परत घेणार नाही हे कलम त्यात होते. अकरांत मामा होते; जॉबर नवा, तरुण आणायचा होता. आम्ही हिशेब केला, दोनशे घरे एका बाजूला आणि अकरा दुसऱ्या बाजूला, आणि सही केली. अकरा जण तिथून दोनशे पावलांवर मंडपात बसले होते. त्यांच्याकडे जाऊन विचारावे, हे आम्हाला त्या रात्री सुचले नाही. सुचले नाही असे आम्ही इतकी वर्षे म्हणत आलो. खरे म्हणजे सुचले होते. पण विचारले तर करार मोडेल अशी भीती वाटली.

त्या वर्षी दसरा २८ सप्टेंबरला होता. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कारखान्यात मागांची पूजा झाली. पोरांनी मंडपाजवळचा झिनिया कापून प्रत्येक मागावर एकेक फूल ठेवले. आम्हाला बोलावले होते. मामा आले नव्हते. ते आले त्यानंतर महिन्याभराने, फाटकापाशी, बी काढावयाला. मंडप उठला होता, पण पट्टा कोणी मोडला नव्हता. सुकलेली बोंडे त्यांनी खुडली, हातावर चोळली, दोन पुड्या केल्या आणि एक आमच्या खिशात घातली. आम्ही काहीतरी बोलू लागलो. ते म्हणाले, "ओलीला ठेवू नका, कुजतंय," आणि सायकलवर बसून गेले. पुढे एका गोदामावर पहारेकरी म्हणून त्यांनी काही वर्षे काढली. नंतर आम्ही त्यांच्या घरी पुष्कळदा गेलो. त्या रात्रीचा विषय त्यांनी काढला नाही, आणि आम्ही काढला तेव्हा त्यांनी चहा मागविला. चार वर्षांपूर्वी ते गेले. तेव्हापासून, म्हणजे २००९ पासून, आमच्या युनियनमध्ये करार आधी ज्यांच्या अंगाला लागणार त्यांच्यापुढे वाचला जातो आणि मग सही होते. यामुळे दोन करार मोडले, हेही सांगितले पाहिजे.

बियांचे राहिले. बी घ्यायचे ते सर्वांत निरोगी झाडाचे, फूल देठासकट तपकिरी, खडखडीत वाळल्यावर. झिनियाची पाकळी गळून पडत नाही. ती कागदासारखी होऊन बियाला चिकटून राहते. वाळकी पाकळी ओढली की टोकाशी बाणाच्या पात्यासारखे बी हाती येते. मधल्या चांदण्यांचे बी चपटे असते, तेही चालते. पोकळ, हलके असेल ते टाकावे. कागदाच्या पुडीत, कोरड्या डब्यात तीन-चार वर्षे टिकते. दुकानातून आणलेल्या संकरित जातीचे बी धरले तर पुढच्या वर्षी आईबापासारखे निघेलच असे नाही. आणि साध्या जातींतही फुलपाखरे सरमिसळ करतात. आमच्या खिडकीतला पांढरा झिनिया मामांच्या पुडीत नव्हता. तो सहाव्या वर्षी आपण होऊन आला.

रोगाविषयी थोडक्यात. पावसाळा सरताना, रात्री गार पडू लागल्या की पानांवर पिठासारखी भुरी येते. रोपांत अंतर राखले, वारा खेळता ठेवला, तर उशिरा येते आणि कमी येते. आली तर खालची पाने काढून टाकावीत; फारच वाढली तर पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक लिटरला दोन ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारावे, भर उन्हात फवारल्यास पाने करपतात. तांबूस-तपकिरी ठिपके ही वेगळी तक्रार आहे. ती पानांवर उडणाऱ्या पाण्याने पसरते, म्हणून पाणी वरून शिंपू नये, आणि अशा झाडाचे बी धरू नये, कारण रोग बियातून पुढे जातो. पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण शेंड्याला दिसला तर तेवढा शेंडा खुडून साबणाच्या पाण्यात बुडवावा. आणि झाड तीन-साडेतीन महिन्यांत म्हातारे होते, हे मान्य करावे. म्हाताऱ्या झिनियावर औषधे मारीत बसण्यापेक्षा नवे बी टोचावे. आम्ही दर महिना-दीड महिन्याने एक बादली पेरतो, म्हणजे खिडकी रिकामी राहात नाही.

चिटणीसांनी घड्याळ दाखविले आहे. बाहेर पुस्तकांच्या टेबलाशेजारी एका बुट्टीत कागदाच्या पुड्या ठेवल्या आहेत. त्या मामांच्याच बियाच्या आहेत. प्रत्येकीत पंचवीसेक बिया असतील. एका घराने एकच घ्यावी, म्हणजे मागे बसलेल्यांनाही मिळतील. आत्ताच्या उन्हात टोचणार असाल तर पहिले आठ दिवस दुपारची सावली करा. नाही तर जूनचा एखादा चांगला पाऊस पडून जाऊ द्या आणि मग टोचा. पुडीवर पाण्याविषयी काही लिहिलेले नाही.